सोळाशेची रॅम

आमचा लॅपटॉप उघडायला अकरा मिनिटं लागायची. हे मी रागाने फुगवून सांगत नाही, ताईने मोजलीत. ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. माणूस किती वेळ गप्प बसून ताटकळू शकतो, यावर तिचा अभ्यास आहे. ती म्हणते, दाढ दुखत असलेला माणूससुद्धा नवव्या मिनिटाला उठून भांडायला येतो. आमच्या घरात रोज अकरा मिनिटं काढायची. बटण दाबायचं, आंघोळ करायची, केस पुसायचे, परत येऊन बघायचं, तर पडद्यावर तो गोल अजून फिरतोच आहे.

सोमवारी सकाळी मी त्या गोलाकडे बघत बसलो होतो आणि माझं डोकं फिरलं.

"हा डबा मी दोन मिनिटांत उघडून दाखवीन," मी म्हणालो.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "किती?"

"दोन."

खरं तर मी 'पाच' म्हणायला हवं होतं. पण चिडलं की माझ्या तोंडातून आकडे आपोआप बाहेर पडतात आणि ते नेहमी माझ्याच अंगावर येतात.

"कधीपर्यंत?" बाबांनी विचारलं.

"शनिवार."

बाबांनी खिशातून पेन काढलं. इथे बाबांबद्दल थोडं सांगावं लागेल. ते एका ऑफिसात खरेदी विभागात आहेत. खुर्च्या, शाई, टाचण्या, फायलींच्या नाड्या, सगळं त्यांच्या सहीने येतं. एवढं ऑफिस सांभाळून माणसाने घरी यावं, बनियनवर बसावं, टीव्ही बघावा. पण नाही. आमच्या घरात साधा बल्ब बदलायचा तरी अर्ज लागतो. अर्जावर तारीख, विषय, संदर्भ, खाली "आपला विश्वासू". मग समिती बसते. अध्यक्ष बाबा, सदस्य आई आणि ताई. मला समितीत घेतलेलं नाही, कारण बहुतेक अर्ज माझेच असतात आणि स्वतःच्या अर्जावर मत देता येत नाही म्हणे. पंख्याचं रेग्युलेटर बदलायला चार महिने लागले. तोवर पंखा एक तर बंद, नाही तर हेलिकॉप्टर.

तर बाबांनी पेन काढलं आणि पेपराच्या कडेला करार लिहिला. शनिवारी सकाळी अकरा वाजता लॅपटॉप दोन मिनिटांत उघडला, तर माझ्या शाळेचा विषय घरात कायमचा बंद. मी चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दिवसभर कामाला जायचं, कोणी काही बोलायचं नाही. नाही उघडला, तर दहावीला बाहेरून बसायचं. फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवारच होती. तीही बाबांना तोंडपाठ होती.

मी नववीनंतर शाळा सोडली. का सोडली ते सांगत बसत नाही. भांडण झालं होतं आणि भांडणात माझं बरोबर होतं.

मी सही केली. ताईने साक्षीदार म्हणून केली. आई शिवणयंत्रावर कोणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. ती म्हणाली, "दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही," आणि पाय मारत राहिली. बाबांनी तिचं मत 'नोंदवून घेतलं'.

आता लॅपटॉपला काय हवं होतं, ते मला पक्कं माहीत होतं. रॅम. रॅम म्हणजे मेमरीची हिरवी पट्टी, बोटाएवढी लांब. आमच्यात एकच होती, दोन जीबीची, आणि शेजारी एक खाच रिकामी. मी लॅपटॉप उलटा केला, झाकण काढलं, जुन्या पट्टीवरचं बारीक लेबल वाचलं आणि अर्ज लिहिला.

पहिला अर्ज परत आला. तारीख नव्हती.

दुसरा अर्ज परत आला. शेरा होता, "भाषा उद्धट." मी फक्त एवढंच लिहिलं होतं की सदर लॅपटॉप भिकार आहे.

तिसऱ्या अर्जात मी लिहिलं की सदर लॅपटॉप वयोमानानुसार मंदावला आहे. बाबांना वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्याने दोनदा वाचलं. मंजूर. तपशील: रॅम एक नग, चार जीबी, वेग तेराशे तेहतीस. हा तेराशे तेहतीस आकडा मी लेबलवरूनच उतरवला होता. त्याखाली समितीच्या तीन सह्या. आईने सही करताना सुई तोंडात धरली होती, त्यामुळे तिची सही नेहमीपेक्षा जास्त गंभीर दिसत होती.

गुरुवारी मी दुकानात गेलो. हे तेच चौकातलं दुकान, जिथे मला कामाला लागायचं होतं. जिन्याखाली एवढीशी जागा. पुढे काउंटर, मागे भिंतभर छोटे ड्रॉवर. दुकानदार हळू बोलतो. एकेक शब्द सोल्डर करून जोडल्यासारखा. त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून गेलं की माझी जीभ शिवशिवायला लागते, वाटतं त्याचं वाक्य आपणच पूर्ण करून टाकावं.

"चार जीबी," मी म्हणालो. "तेराशे तेहतीस."

त्याने एक ड्रॉवर उघडला. बंद केला. दुसरा उघडला. "तेराशेची... संपली. सोळाशेची आहे. नवीन."

"सोळाशे? म्हणजे जास्त फास्ट?"

"हो, पण ती... तुझ्या जुन्या..."

"मला माहीत आहे."

"नाही, मी काय म्हणतो, ती बसेल, पण वेग..."

"माहीत आहे हो मला. द्या."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. "बोर्ड जुना असला की..."

"काका, मला माहीत आहे!"

मला काहीही माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की सोळाशे हा आकडा तेराशेपेक्षा मोठा आहे. एवढं गणित शाळा सोडलेल्यालासुद्धा येतं. चालत घरी येताना मी मनात हिशोब लावला, एवढी पट्टी घातली तर दोन मिनिटंही लागणार नाहीत, एकच पुरे. घरी पोचेपर्यंत लॅपटॉप बटण दाबण्याआधीच उघडायला लागला होता.

बाबांनी खोका उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टी डोळ्यांजवळ धरली.

"मंजूर काय झालं होतं?"

"तेराशे तेहतीस. पण ही सोळाशेची आहे बाबा! जास्त चांगली!"

"जास्त," बाबा म्हणाले. तो शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू मी चोरी करून आणलीय. "अरे, कमी आणलं असतंस तर मी समजून घेतलं असतं. कमी आलं की परत पाठवता येतं. जास्त आलं की काय करायचं? आमच्याकडे एकदा पाच चाकांच्या खुर्च्या मंजूर होत्या. आल्या सहा चाकांच्या. अडीच वर्षं व्हरांड्यात उभ्या होत्या. माणसं उभ्याने काम करत होती, पण खुर्च्यांना कोणी हात लावला नाही."

"का?"

"सहावं चाक कोणाच्या परवानगीने?"

ताईने हळूच मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते.

बाबांनी उपाय सांगितला. मी 'खुलासा' लिहायचा. मंजूर तपशिलापेक्षा वेगवान वस्तू का आणली, तिने कोणाचं नुकसान होणार नाही ना, आणि भविष्यात असं होणार नाही याची हमी. एक पानाहून कमी चालणार नाही. जो मी शाळेत निबंध लिहायला नकार द्यायचो, त्याच मी जेवणाच्या टेबलाशी बसून दीड पान लिहिलं. 'वेग ही काळाची गरज आहे' असं एक वाक्य आपसूक लिहिलं गेलं. बाबांनी त्याखाली लाल रेघ मारून कडेला लिहिलं, 'छान'. मला इतका राग आला की कागद फाडावासा वाटला, पण मग परत दीड पान लिहावं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी ऑपरेशन. ताईला सुटी होती, बाबा अर्धी रजा टाकून आले होते. रजेच्या अर्जात कारण काय लिहिलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे व्होल्टेज काका आले. व्होल्टेज काका वीज खात्यातून मीटर तपासनीस म्हणून रिटायर झालेत. जगात जे काही बिघडतं ते व्होल्टेजमुळे, असं त्यांचं मत आहे. दूध नासलं, व्होल्टेज. शेजारच्यांचा घटस्फोट झाला, तेव्हा म्हणाले, "त्यांच्या लाइनला लोड जास्तच होता."

"काय, सोळाशे?" काकांनी दारातूनच विचारलं. बाबांनी त्यांना जिन्यातच गाठून सांगितलेलं दिसत होतं. "अरे बाळा, हे म्हणजे झिरोच्या बल्बच्या वायरवर गीझर लावणं झालं. जळेल."

"नाही जळत काका."

"अंगात वीज असते माणसाच्या. तुझ्यात तर जास्तच, तू सारखा तापलेला. तुझ्या बोटातून ठिणगी गेली की पट्टी खलास. आधी अर्थिंग कर."

आता गंमत अशी की यात थोडं तथ्य होतं. पट्टीला हात लावण्याआधी लोखंडाला हात लावावा, हे मीही वाचलं होतं. पण काकांचं समाधान खिडकीच्या गजाला बोट लावून झालं नाही. त्यांनी वरून वायरचं एक वेटोळं आणलं, एक टोक माझ्या घोट्याला गुंडाळलं आणि दुसरं स्वयंपाकघरातल्या नळाला बांधलं. मी टेबलाशी बसलेलो, पाय नळाला. आईला पाणी भरायचं होतं.

"पाय जरा सैल सोड रे," आई आतून ओरडली. "नळ फिरत नाहीये."

"मी थोडाच बांधलाय?"

"मला काय माहीत. तू बैल असल्यासारखा दिसतोयस इथून."

मी झाकणाचे स्क्रू काढायला लागलो. एकूण अकरा. मुंगीएवढे. सात निघाले, आठवा निघाला, आणि त्याच वेळी आईने बादली भरून पूर्ण ताकदीने नळ पिळला. वायर ताणली गेली, माझा पाय ओढला गेला, मी टेबलाला धडकलो आणि आठवा स्क्रू हवेतून जाऊन शिवणयंत्राजवळच्या डब्यात पडला. तो आईच्या बटणांचा डबा. त्यात बटणं, हूक, आकडे, टिचबटणं, तुटलेल्या चेनच्या पट्ट्या, टाचण्या, सगळं वीस वर्षांचं.

सगळे डब्याभोवती जमले.

"लोहचुंबक," काका म्हणाले आणि परत वर गेले.

काकांनी चुंबक आणलं. लाउडस्पीकरमधून काढलेलं, बशीएवढं. बाबा हात पसरून लॅपटॉपसमोर उभे राहिले, म्हणाले, चुंबक यंत्राजवळ आणू नका, आत सगळ्या फायली आहेत. काकांनी चुंबक डब्यात बुडवून वर काढलं. ते साळिंदर झालं होतं. सगळे हूक, सगळे आकडे, सगळ्या टाचण्या. स्क्रू त्यात कुठेतरी असणार. पण ते बघायला गेलेल्या ताईच्या बोटाला टाचणी टोचली आणि काकांनी सांगितलं की हे अर्थिंग नसल्यामुळे.

आई ओले हात पुसत आली. चुंबकाकडे एकदा बघितलं. दोन बोटांनी एक कण उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"हा घे. याला टाका घालायला भोक नाही. म्हणजे माझा नाही."

मी उरलेले तीन स्क्रू काढले, झाकण उचललं, पट्टी बसवली, झाकण नुसतं टेकवलं आणि बटण दाबलं.

पडदा काळा. आणि आतून आवाज. पीऽऽप. थांबून परत पीऽऽप. लांब, कण्हल्यासारखा.

आम्ही चौघं आणि काका. कोणाच्या तरी उशाशी उभे असल्यासारखे.

"व्होल्टेज," काका पुटपुटले.

"मंजूर तपशील," बाबा म्हणाले. "म्हणून सांगत असतो. जे मंजूर असतं तेच यंत्राला पचतं."

"ताई, वेळ लाव," मी ओरडलो.

"कशाची? पीपची?"

मग माझा ताबा सुटला. मी म्हणालो, घरात सगळे मिळून एक पट्टी बसवू देत नाहीत, पायात वायर, डोक्यावर समिती, शेजारी शाप देतात. मी म्हणालो, काढतो ती पट्टी, ठेवा व्हरांड्यात अडीच वर्षं. बोलता बोलता उठलो, पाय नळाला होता हे विसरलो आणि आडवा झालो. आडव्याने रागावणं फार अवघड असतं. छताकडे बघत ओरडावं लागतं आणि छताला काही वाटत नाही.

तिथून पडल्या पडल्या मला दिसलं की नळाखालचा पाइप प्लॅस्टिकचा आहे. गेल्याच वर्षी बदललेला. म्हणजे ती वायर मला घेऊन सरळ प्लॅस्टिकच्या पाइपात जात होती, आणि अर्थिंग म्हणून नावाचासुद्धा काही उपयोग नव्हता. मी काकांना पाइप दाखवला. काकांनी बराच वेळ पाहिलं. "तरी म्हटलं," ते म्हणाले.

आई तोवर लॅपटॉपचं झाकण उचलून बसली होती. "हे काय आहे? तू ही पट्टी घातलीस तेव्हा आवाज आला का?"

"कसला आवाज?"

"टिचबटण लागतं तेव्हा येतो तसा. हे बघ, ही दोन्हीकडे आकडे आहेत ना, त्या आकड्यांच्या खाली ही जायला पाहिजे. तू नुसती ठेवलीयस. मी अशी नुसती ठेवली तर गिऱ्हाइकाची पँट रस्त्यात सुटेल."

मी लॅपटॉप बंद केला, पट्टी तिरकी धरली, आत सरकवली आणि खाली दाबली. टक्. दोन्ही आकडे एकदम बसले. आईला बघायची गरज नव्हती, तिने आवाजावरूनच मान हलवली आणि उठली.

या वेळी पडदा उजळला. गोल फिरायला लागला. आम्ही त्या वेळी घड्याळ लावायचं विसरलो, आनंदात. पडद्यावर आलं तेव्हा मी आतली माहिती उघडली. मेमरी: सहा जीबी. मी हात वर केला. मग खालची ओळ वाचली. वेग: तेराशे तेहतीस.

मी परत वाचली. तेराशे तेहतीस.

बाबा माझ्या खांद्यावरून वाकले. त्यांचा चेहरा असा काही खुलला की मी तो पगारवाढीच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. "अरे!" ते म्हणाले. "मंजूर तपशिलाप्रमाणेच! तंतोतंत!" त्यांनी माझी खुलाशाची दीड पानं आणली आणि माझ्या हातात दिली. "हा परत घे. याची गरज नाही."

मी चपला न घालता दुकानात गेलो.

"फसवलंत मला," मी काउंटरवर हात आपटला. "सोळाशे म्हणून दिलीत, ती तेराशे निघाली."

"निघाली नाही," दुकानदार म्हणाला. "झाली."

"झाली म्हणजे?"

"लॅपटॉपचा मदरबोर्ड तेराशेचा. आधीची पट्टी तेराशेची. नवी आली सोळाशेची." त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तीन माणसं एक कपाट उचलून नेतायत. त्यातला एक धावायला लागला, तर काय होईल? कपाट पडेल. म्हणून तो पण चालतो. सगळ्यात हळू जो, त्याच्या वेगाने."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो. तू म्हणालास, मला माहीत आहे."

"एकदा म्हणालो असेन."

"तीनदा."

मला ते आठवत होतं.

"आणि," तो म्हणाला, आणि मला वाटलं हेही वाक्य अर्ध्यावर तोडावं, पण मी गप्प उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. "लॅपटॉप उघडायला वेळ लागतो तो जुन्या डिस्कमुळे. रॅमने उघडणं फारसं बदलत नाही. उघडल्यावर काम करताना फरक पडेल. खूप पडेल."

उघडल्यावर. माझा करार फक्त उघडण्याचा होता.

डिस्क बदलायची तर नवा अर्ज लागणार होता. आणि शनिवार उद्यावर होता.

घरी जाताना माझ्या डोक्यात एक युक्ती आली. लॅपटॉप पूर्ण बंदच करायचा नाही. नुसतं झाकण मिटून झोपवायचा. सकाळी झाकण उघडलं की चार सेकंदांत हजर. ही फसवणूक आहे हे मला मान्य आहे. पण संध्याकाळी घरी पोचलो तर बाबांनी तो स्वतः बंद केला होता, वायर काढली होती, बॅटरी काढून कपाटात ठेवली होती आणि झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली होती. बाजूला आईची, ताईची, आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून व्होल्टेज काकांची सही.

"संशय नाही रे," बाबा म्हणाले. "पद्धत."

शनिवारी अकराला पाच कमी असताना सगळे टेबलाभोवती. ताईने फोनवर घड्याळ लावलं. काकांनी वरून स्वतःची खुर्ची आणली होती, कारण आमच्यात पाचवी खुर्ची नाही. बाबांनी सील फाडलं, बॅटरी बसवली. "चालू," ताई म्हणाली. मी बटण दाबलं.

एक मिनिट. गोल.

दोन मिनिटं. गोल.

"दोन झाली," ताई म्हणाली. तिने ते हळू आवाजात सांगितलं. एवढ्या हळू आवाजात तिने मला कधीच काही सांगितलेलं नाही.

झालं होतं. सगळं झालं होतं. पण बाबा म्हणाले, नोंद पूर्ण झाली पाहिजे. म्हणून आम्ही बसून राहिलो. चौथ्या मिनिटाला बाबांचं कॅलेंडर उघडलं. मग त्यांचं घड्याळ. मग हवामान. मग एक अँटिव्हायरस, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा अँटिव्हायरस. ते दोघं एकमेकांना चोर समजून तपासत बसले. मग बाबांचं कॅल्क्युलेटर, ते का उघडतं हे कोणालाच माहीत नाही.

"दहा मिनिटं, बेचाळीस सेकंद," ताईने सांगितलं.

म्हणजे सहा दिवस, तीन अर्ज, एक खुलासा, एक साळिंदर आणि माझ्या घोट्यावरचा वळ, एवढ्यातून अठरा सेकंद वाचले होते.

"ठीक," बाबा म्हणाले. त्यांनी विजयाचा आव आणला नाही, त्याने मला जास्त राग आला. "आज शेवटची तारीख आहे. फॉर्म उघड."

अजून एक आशा होती. हा फॉर्म बाबा दोन आठवडे गुपचूप भरायचा प्रयत्न करत होते, हे मला माहीत होतं. माझा फोटो चढवायच्या पानावर आला की लॅपटॉप गोठायचा. मग संपूर्ण पान पांढरं, मग पहिल्यापासून. माझं शिक्षण त्या पानावर नेहमी अडकायचं, आणि मी मनातल्या मनात लॅपटॉपला शाबासकी देत आलो होतो. आता मी खुर्चीवर टेकून बसलो. म्हटलं, बघू या, जुना मित्र आहे.

बाबा एका बोटाने टाइप करतात. पहिलं पान. दुसरं. पटापट उघडत होती. "अरे वा," काका म्हणाले, "व्होल्टेज सुधारलंय."

तिसऱ्या पानावर एक चौकट होती: अर्जदार सध्या काय करतो.

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"चिडतो," ताई म्हणाली.

बाबांनी एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. क, मग बराच वेळ शोधून ॉ. मी वाकून बघितलं. 'कॉम्प्युटर दुरुस्ती (शिकाऊ)'.

"बाबा, हे खोटं आहे. मी एक पट्टी बसवली. तीसुद्धा आईने सांगितल्यावर."

"दोनाचे सहा झाले की नाही?"

"झाले."

"पडद्यावर दिसतात की नाही?"

"दिसतात."

"मग मी फॉर्ममध्ये खोटं लिहीत नाही," बाबा म्हणाले. "आणि सकाळी अभ्यास, दुपारनंतर दुकान. दुकानदाराशी बोललोय मी काल. तो म्हणाला, मुलगा ऐकतो."

"काल ऐकलं होतं मी," मी म्हणालो. "एकदाच."

"एकदापासूनच सुरू होतं," आई शिवणयंत्रावरून म्हणाली.

मग फोटोचं पान आलं. मी श्वास रोखला. बाबांनी माझा फोटो निवडला, त्यात मी रागावलेलाच आहे, आणि बटण दाबलं. गोठलं नाही. पांढरं झालं नाही. गोल आलासुद्धा नाही. माझा चेहरा टक्कन चौकटीत बसला आणि खाली हिरव्या अक्षरांत आलं, 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे.' बाबांचं बोट अजून बटणावरच होतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीसुद्धा. मला चिडायचं होतं, पण कोणावर ते कळेना. दुकानदाराने सांगितलं होतं, आईने दाखवलं होतं, बाबांनी सगळं पद्धतशीर केलं होतं, आणि लॅपटॉप तर पहिल्यांदाच मन लावून काम करत होता. मी आयुष्यात दुरुस्त केलेली पहिली वस्तू. तिने पहिल्या फटक्यात मलाच शाळेत घातलं.